शाळेची सहल मयूरेश्वर अभयारण्यात न्यावी का?

माळवेडी: मुलाच्या शाळेने यंदा वॉटर पार्क सोडून बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात सहल न्यायचं ठरवलंय आणि पालकांच्या ग्रुपवर लगेच सुरू, तिथे बघण्यासारखं आहे काय, नुसता माळ आणि वाळकं गवत. फार वाईट वाटलं वाचून. पुण्यातल्या पोरांना जंगल म्हटलं की वाघ आणि गर्द झाडी एवढंच माहितीये, आपल्याच जिल्ह्यात बारामती-इंदापूरकडच्या माळावर चिंकारा हरीण, लांडगा, खोकड, तरस राहतात याचा पत्ताच नाही. चिंकारा पाणी न पिता पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो, हे पेपरात लिहिणं वेगळं आणि त्या माळावर उन्हात उभं राहून, आपल्याला तहान लागलेली असताना ऐकणं वेगळं. मोज्यात घुसलेलं गवताचं कुसळ काढा, त्यावर थेंबभर पाणी टाका, ते पीळ सोडत गोल फिरायला लागतं, असंच फिरत फिरत ते बी जमिनीत घुसवतं. हे शाळेच्या लॅबमध्ये कोण दाखवणार?

टेकडीकर: ताई, तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. अख्खं अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटर, त्यात तीन बस भरून दीडशे पोरं उतरवणार? चिंकाऱ्याला चाहूल लागली की तो पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पळतो, म्हणजे पोरांना दिसणार लांब पळणारे ठिपके आणि त्याची चरण्याची वेळ गेली ती गेलीच. शिवाय टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, मातीच्याच रंगाची, विणीच्या दिवसात पाय पडला तर कळतसुद्धा नाही. पुण्यातच वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पाषाण तलाव आहे, तिथे दर महिन्याला न्या. एकाच जागी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा बघितला की पोरांना खरं कळतं, वर्षातून एकदा बसमधून उतरून नाही.

सुपेकर: टेकडीवर न्याच की, कोण नको म्हणतंय. पण दादा तुमच्या टेकड्यांवर ठिकठिकाणी गिरिपुष्प, ते परदेशी झाड, लावून ठेवलंय, त्यात माळ दिसतो कुठे? माळ म्हणजे पडीक, झाडं लावून हिरवा करायचा, असंच शिकून पोरं मोठी होतात, मग कोणी साहेब होतं, कोणी बिल्डर, आणि आमच्या गवताळ रानात खड्डे खणायला नाहीतर प्लॉट पाडायला येतात. ते गवत गेलं तर चिंकारा जाणार कुठे, सांगा. आणि एक, सहल आली की धनगरांच्या वाड्यावरही थांबा. लांडगा मेंढरं नेतो तरी ही माणसं पिढ्यानपिढ्या त्याच्याच रानात राहतात, पोरांना त्यांच्याशी बोलू द्या. आमच्या झेडपीच्या पोरांनाही आत कोणी नीट फिरवत नाही, त्यांनाही बरोबर घ्या.

टेकडीकर: गिरिपुष्पाचं एकदम मान्य, त्यावर मीही भांडत असतो. पण दीडशेचं काय ते कोणीच बोलत नाहीये.

खडूफळा: शिक्षक आहे म्हणून लिहितो. १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टाने पर्यावरण विषय शाळेत सक्तीचा करा म्हणून सांगितलं, आणि आज बहुतेक ठिकाणी त्याचं काय झालंय, तर प्रोजेक्टची वही आणि त्यात चिकटवलेली चित्रं. त्यामुळे मुलं बाहेर पडलीच पाहिजेत, यात मी ताईंच्या बाजूने. पण तीस मुलं नेली तरी बसचं भाडं तेवढंच, माणशी खर्च वाढतो आणि पहिली तक्रार पालकांचीच येते. वनखात्याची परवानगी, सोबत माहितगार माणूस, पहाटे निघणं, हे सगळं जमवायला शिक्षकाला वेळ कोण देतं? तासांचं वेळापत्रक तसंच पुढ्यात असतं.

माळवेडी: सर, जास्तीचे पैसे द्यायला मी तयार आहे, ज्यांना झेपत नाही त्यांचे आम्ही काही पालक मिळून भरू. तीस-तीसच्या तुकड्या, डिसेंबर-जानेवारीत, आखून दिलेल्या वाटेवरूनच, स्पीकर बंद, आणि सुप्याची मुलं सोबत. असं शाळेला उद्या लिहून देतेय.

टेकडीकर: तीस पण जास्तच. पंधरा करा, आणि आधी दोनदा टेकडीवर नेऊन गप्प चालायची सवय लावा, मग माझा विरोध नाही.

सुपेकर: पंधरा म्हणलं तर शहरातली निम्मी पोरं कधी येणारच नाहीत. तीसच ठेवा ताई.