सुबारूचा गिअरबॉक्स बांधतोय, पुढच्या डिफरेन्शियलचा बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) जागोजागी वेगळा येतोय

डेन्वरचा_गिअरवेडा:

नमस्कार मंडळी, मी डेन्वरला असतो, गाडी २००४ ची फॉरेस्टर, पाच गिअर मॅन्युअल. बॉक्स गेल्या महिन्यात खाली उतरवला कारण तिसरा गिअर टाकताना कररर करायचा आणि शिवाय पन्नास मैलाच्या पुढे गेलं की पुढून एक घुमणारा आवाज यायचा, अॅक्सिलरेटर सोडला की कमी व्हायचा परत दिला की चालू. उघडल्यावर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलेली दिसलीच पण पिनियनच्या (डिफरेन्शियलच्या मोठ्या क्राऊन गिअरला फिरवणारा छोटा गिअर) बेअरिंगला पण खड्डे पडलेले, मग म्हटलं एवढं उघडलंच आहे तर सगळी बेअरिंगं नवीन टाकू. पिनियनचं डबल टेपर बेअरिंग आणि डिफरेन्शियलची दोन्ही साइड बेअरिंगं नवीन घेतली, क्राऊन-पिनियन मात्र जुनंच, दात बघून चांगले वाटले.

ज्यांनी सुबारू उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिच्यात पुढचं डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग, गिअरबॉक्सच्या केसमध्येच असतं, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं त्यामुळे गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट म्हणजेच पिनियन, तो पुढे येऊन क्राऊनला लागतो. साइड बेअरिंगच्या मागे शिम (पातळ चकत्या) नाहीत, डाव्या-उजव्या बाजूला आट्यांचे मोठे रिटेनर आहेत, ते आत-बाहेर फिरवून क्राऊन सरकवायचा. आता मी काय केलं तर ते रिटेनर काढताना खुणा केल्याच नाहीत, कुठल्या खाचेवर होते ते गेलं. त्यामुळे पहिल्यापासून सेटिंग करावं लागतंय.

मॅन्युअलप्रमाणे केस कुशीवर ठेवून खालचा रिटेनर क्राऊन पिनियनला टेकेपर्यंत घेतला, मग वरचा टेकवला, मग खालचा दीड खाच सैल आणि वरचा तेवढाच आत, वर अर्धी खाच प्रीलोडसाठी (बेअरिंगवर मुद्दाम ठेवायचा थोडा दाब). मॅन्युअलमध्ये बॅकलॅश ०.१३ ते ०.१८ मिमी दिलाय. मी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून क्राऊन पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी बघितला तर ०.०९, ०.१४, ०.१९ आणि ०.१३ आला. सरासरी काढली तर बसतंय पण मन मानत नाहीये. दुसरं म्हणजे पिनियनची जुनी शिम तशीच टाकलीय, ते चालेल का? दोन शनिवार-रविवार ह्याच्यात गेलेत, कृपया ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सांगा.

कोल्हापूरकर_जीपवाला:

अरे सरासरी अजिबात काढू नकोस. बॅकलॅश सगळीकडे सारखाच कमी किंवा सारखाच जास्त असता तर रिटेनर फिरवून जुळला असता, पण फिरवलं की बदलतोय म्हणजे क्राऊन सरळ फिरत नाही, वाकडा बसलाय किंवा डोलतोय. ०.०९ जिथे आहे तिथे गाडी तापल्यावर दात एकमेकांत आवळतील आणि ०.१९ ला आपटतील, आवाज तर येईलच.

मी पंचवीस वर्षं जुन्या जीपा आणि ट्रॅक्टरची हौसिंगं बांधतोय, तुझी गाडी वेगळी पण क्राऊन-पिनियन सगळीकडे क्राऊन-पिनियनच. पहिलं काम, डिफरेन्शियल बाहेर काढ, क्राऊनचे बोल्ट सोड आणि क्राऊन केजवरून (डिफरेन्शियलच्या सांगाड्यावरून) उतरव. जिथे क्राऊन बसतो तो केजचा चेहरा आणि क्राऊनची पाठ, दोन्ही पेट्रोलने धुऊन बोट फिरव, नख फिरव. कुठेतरी कण, गंज, बोल्टच्या भोकाच्या कडेला उचललेली कड असं काहीतरी मिळण्याची दाट शक्यता आहे. तेलाच्या दगडाने हलक्या हाताने सपाट कर, कानस लावू नको. मग क्राऊन बसवताना बोल्ट समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने आवळ, एका बाजूने गोल गोल आवळत गेलास तर तिरका ओढला जातो. नंतर डायल गेज क्राऊनच्या पाठीवर लावून पूर्ण फेरा फिरव, काटा किती हलतो ते बघ. तो हलत असेल तर बॅकलॅशच्या मागे लागण्यात अर्थच नाही.

आणि नवीन साइड बेअरिंग कसं बसवलंस? ठोकून बसवलं असेल तर एका बाजूला थोडं वर राहतं, डोळ्याला दिसत नाही. खाली खांद्याला टेकलंय का ते पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून सगळीकडून बघ.

शिमचं सांगतो. पिनियनचं बेअरिंग बदललंस ना, मग जुनी शिम बरोबर असेलच असं नाही, नव्या बेअरिंगची जाडी जराशी जरी वेगळी असली तरी पिनियन पुढे-मागे होतो. मोजल्याशिवाय बंद करू नको. क्रम लक्षात ठेव, आधी पिनियनची खोली, मग बॅकलॅश, मग प्रीलोड आणि शेवटी नीळ लावून दाताची मार्किंग, म्हणजे दात कुठे टेकतात त्याचा ठसा. मधलंच एक धरून बसलं की गोल गोल फिरत राहतो माणूस.

ऑकलंडचा_पाटील:

काकांनी मूळ मुद्दा बरोबर पकडलाय, मी सुबारूपुरतं थोडं सांगतो कारण माझ्या लेगसीचा (ही पण सुबारूच) असाच बॉक्स दोन वर्षांपूर्वी घरच्या गॅरेजमध्ये बांधला होता.

भावा, आधी एक सांग, रिटेनरच्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) लावूनच सेटिंग करतोयस का? सेटिंग करताना वरच्या रिटेनरची ओ-रिंग काढूनच ठेवायची असते, ती असली की पान्याला आधीच जडपणा लागतो आणि आपल्याला वाटतं बेअरिंग टेकलं. सगळं जुळलं की खुणा करायच्या, मग रिटेनर ओ-रिंगची खोबण दिसेपर्यंत सैल करायचा, ओ-रिंग घालायची आणि परत त्याच खुणेवर आणायचा. ह्या वेळी खुणा नक्की कर, सेंटर पंचने कर, मार्कर तेलात पुसला जातो.

दुसरं, झिरो पॉइंट (क्राऊन पिनियनला नुकता टेकतो ती जागा) शोधताना मेन शाफ्ट (इंजिनकडून फिरणारा) चौथ्या नाहीतर पाचव्या गिअरमध्ये टाकून फिरवत राहायचा आणि फिरवता फिरवताच खालचा रिटेनर आत घ्यायचा. शाफ्ट स्थिर ठेवून रिटेनर आवळला तर रोलर त्यांच्या जागेवर जात नाहीत आणि खोटा झिरो मिळतो. मी प्लास्टिकच्या हातोडीने रिटेनरच्या भोवती टकटक करत पाच-सहा वेळा परत परत केलं तेव्हा कुठे दर वेळी एकाच जागी यायला लागलं. जोपर्यंत एकाच जागी येत नाही तोपर्यंत पुढे जाऊच नको.

केसचे दोन्ही भाग चाचणीसाठी जोडताना लिक्विड गॅस्केट न लावता कोरडेच जोड, पण सगळे बोल्ट पूर्ण टॉर्कवर, दहा मिमीचे ३९ आणि आठ मिमीचे २५ न्यूटन मीटर. चार-पाच बोल्टवर भागवलं तर केस हवी तशी बसत नाही आणि रीडिंग भलतंच येतं. क्राऊनचे बोल्ट ६२ न्यूटन मीटर.

आता बॅकलॅश मोजायची गंमत. डायल गेजचा काटा ड्रेन प्लगच्या भोकातून आत घालून दाताच्या पृष्ठभागाला काटकोनात टेकवायचा, तिरका टेकला तर आकडा चुकतो. आणि पिनियन कसा धरलास? मेन शाफ्ट गिअरमध्ये टाकून तो धरला असशील तर मधल्या गिअरच्या दातांमधला प्ले पण त्यात येतो. पिनियनचा शाफ्टच मागच्या बाजूने धरून ठेवावा लागतो. क्राऊन हलवताना दोन्ही बाजूंचे ॲक्सल एकाच वेळी एकाच दिशेने हलवायचे, एकच हलवला तर आतले छोटे बेव्हल गिअर फिरतात आणि क्राऊन जागचा हलतच नाही कधी कधी.

लॉक प्लेटबद्दल (रिटेनर जागचा फिरू न देणारी पट्टी) एक, ती उलटी करून लावली की अर्ध्या खाचेचा फरक पडतो, त्यामुळे अर्धी खाच कशी पकडायची म्हणून घाबरू नको. आणि साइड बेअरिंग नवीन आहेत तर प्रीलोड अर्ध्या खाचेवर ठेवण्यापेक्षा मी एक खाच धरला होता, मॅन्युअलमध्ये अर्धी ते एक दिलीय म्हणजे दोन्ही आतच बसतं.

पिनियनच्या तोंडावर दोन आकडे बघ, वरचा जोडीचा नंबर, तो क्राऊनवर पण तोच पाहिजे कारण हे दोन्ही फॅक्टरीत जोडीनेच घासून जुळवलेले असतात, खालचा आकडा शिमसाठी. खालचा नसेल तर शून्य धरायचा. शिम ०.१५० पासून ०.५०० मिमीपर्यंत ०.०२५ च्या टप्प्याने मिळतात. पिनियनची खोली मोजायचं गेज नसेल तर भाड्याने किंवा कुणाकडून घे पण अंदाजाने शिम टाकू नको.

पुण्याचा_नवशिका:

मध्येच विचारतो माफ करा, माझ्या जुन्या मारुती ८०० चा बॉक्स उघडायचा विचार आहे, त्यात पण हे सगळं करावं लागतं का? वाचूनच धडकी भरली.

कोल्हापूरकर_जीपवाला:

नाही रे, तुझं इंजिन आडवं आहे, फायनल ड्राइव्हचे गिअर हेलिकल, शाफ्टला समांतरच, त्यात क्राऊन-पिनियन नाही आणि मार्किंग नाही. डिफरेन्शियलच्या बेअरिंगचं तेवढं नीट बघ. तू बिनधास्त उघड, फोटो काढत काढत उघड.

डेन्वरवाल्या, नीळ लावायच्या वेळी एक लक्षात घे. तुझं क्राऊन-पिनियन जुनं आहे, दीड-दोन लाख मैल एकमेकांवर घासून त्यांनी स्वतःची एक जागा केलेली असते, दातावर चकाकी दिसते ना ती. सेटिंग झाल्यावर निळीचा ठसा त्या चकाकीवरच पडला पाहिजे. पुस्तकातल्या चित्रात सुंदर दिसतो म्हणून ठसा दुसरीकडे नेलास तर आवाज नवीन सुरू होईल, नव्या जोडीचं चित्र आणि जुन्या जोडीचं चित्र एक नसतं. तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर लाव, जाड थापलास तर सगळंच लागल्यासारखं दिसतं. मेन शाफ्टने मागे-पुढे फिरव आणि मग उघडून बघ.

ठसा दाताच्या शेंड्याला पडला तर पिनियन लांब आहे, जवळ आणायचा. मुळाशी पडला तर जास्त जवळ आहे, मागे घ्यायचा. बिनलोडचा ठसा मध्यापासून थोडा आतल्या टोकाकडे असला तर चांगला, लोड आला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतोच. आता शिम जाड केली की पिनियन जवळ येतो का लांब जातो हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं, म्हणून जीपच्या सवयीने मी सांगणार नाही, तुझ्या हातात केस आहे, शिम बेअरिंगच्या कुठल्या बाजूला बसते ते बघ आणि कळेल. आणि पिनियन सरकवला की बॅकलॅश बदलणार, तो परत जुळवायचा. हा फेरा एका दिवसात होत नाही, घाई नको.

डेन्वरचा_गिअरवेडा:

काका, पाटील, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल सकाळपासून लागलो होतो आत्ता लिहितोय.

क्राऊन उतरवला आणि एका बोल्टच्या भोकाच्या कडेला खरंच उचललेली कड होती, नखाला लागत होती फक्त, डोळ्याला दिसत नव्हती, आणि शेजारी एक बारीक कुसळासारखा धातूचा कण चेपून बसलेला. म्हणजे मी क्राऊन परत बसवताना पुसला तो नीट पुसलाच नव्हता. दगडाने सपाट केलं, धुतलं, समोरासमोर टप्प्याने ६२ ला आवळलं. ओ-रिंग मी लावूनच बसलो होतो पाटील, काढली, आणि पान्याचा हात एकदम वेगळा लागायला लागला. झिरो सात वेळा केला, शेवटचे चार वेळा एकाच खाचेवर आला. पिनियन पण मी मेन शाफ्ट गिअरमध्ये टाकूनच धरला होता, आता मागून धरला.

आता चार ठिकाणी ०.१५, ०.१४, ०.१६, ०.१५. तीनदा मोजलं.

शिमचं पण काका बरोबर होते, गेजने बघितलं तर नव्या बेअरिंगला एका टप्प्याचा, म्हणजे ०.०२५ चा फरक निघाला. जुन्या शिमवर निळीचा ठसा चकाकीच्या थोडा वर शेंड्याकडे पडत होता, शिम बदलल्यावर बॅकलॅश परत जुळवला आणि ठसा चकाकीवर आला, फोटो खाली टाकतोय. कोस्ट बाजूचा (अॅक्सिलरेटर सोडल्यावर दात ज्या बाजूने लागतात ती) ठसा जरा आखूड वाटतोय मला, तो चालेल ना? केस अजून कोरडीच जोडलीय, तुमचं उत्तर येईपर्यंत गॅस्केट लावत नाही.

कोल्हापूरकर_जीपवाला:

फोटो बघितला, मोठा करून बघितला. ड्राइव्ह बाजू (अॅक्सिलरेटर दिल्यावरची) छान आहे, चकाकीवर बरोबर. कोस्ट बाजू आखूड आहे पण मधोमध आहे, टोकाला गेलेली नाही, जुन्या जोडीत एवढं धरायचं. बंद कर.

ऑकलंडचा_पाटील:

मस्त रीडिंग आहेत भावा. बंद करताना ॲक्सलची सील डावी आणि उजवी वेगळी असते, अदलाबदल झाली तर आठवड्यात तेल गळायला लागेल, खोक्यावरचं नीट वाच. तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ प्रतीचंच टाक, गिअरबॉक्स आणि हायपॉइड (म्हणजे हेच क्राऊन-पिनियन) एकाच तेलावर चालतात त्यामुळे जीएल-४ टाकून चालणार नाही, साडेतीन लिटर लागतं पण शेवटी डिपस्टिक बघूनच भर. पहिले चार-पाचशे मैल डोंगरात पिळू नकोस, मग तेल काढ आणि ड्रेन प्लगचा मॅग्नेट बघ. राखाडी चिखल असला तर ठीक, चकचकीत तुकडे असले तर इथे परत ये.

डेन्वरचा_गिअरवेडा:

सील तपासली, उजवी मी डावीकडे धरून बसलो होतो, वेळेवर सांगितलंत. आज रात्री गॅस्केट लावून बंद करतोय, रविवारी बॉक्स वर चढवायला शेजारी येतोय मदतीला. पाचशे मैल झाले की मॅग्नेटचा फोटो टाकतो.

डेन्वरचा_गिअरवेडा:

पाच आठवड्यांनी लिहितोय, ५२० मैल झाले. पन्नासच्या पुढचा आवाज गेला, पासष्टला पण नाही, काच खाली करून ऐकलं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर अगदी बारीक कुंई येते पण रेडिओ बंद असेल तरच. तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो. मॅग्नेटवर राखाडी लेप होता, बोटावर चोळला तर टोचलं नाही काही. नवीन तेल भरलं, फोटो टाकलाय.

कोल्हापूरकर_जीपवाला:

कोस्टला बारीक कुंई येते ती त्या आखूड ठशाची, जुन्या जोडीत राहते तेवढी. वाढली तर सांग, नाही वाढली तर चालव. लेप बरोबर आहे. पुढचं तेल पाच हजार मैलांवर बदल आणि तेव्हा पण मॅग्नेट बघ.