१९९५ ची ती छोटी स्पर्धा आठवते का?
वर कोणीतरी लिहिलंय की रग्बी लीगमध्ये (हा रग्बीचाच तेरा खेळाडूंचा प्रकार) नवख्या देशांच्या वेगळ्या स्पर्धा भरवून काही साधत नाही, आणि तिथे बरेच खेळाडू स्वतःच्या नव्हे तर आजी-आजोबांच्या देशाकडून खेळतात. यातलं पहिलं मला अजिबात पटत नाही.

१९९५ मध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषकाच्या जोडीनेच सात संघांची अशी स्पर्धा झाली होती. कुक बेटं, आयर्लंड, स्कॉटलंड, रशिया, अमेरिका, मोरोक्को आणि चक्क मोल्दोव्हा! बरी या गावातल्या मैदानावरच्या अंतिम सामन्यात कुक बेटांनी आयर्लंडला २२-६ असं हरवलं. पुढे २००० च्या विश्वचषकात यातले चार संघ खेळले आणि आयर्लंडने तर थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं धुतलं, हेही खरंच. पण म्हणूनच तर बरोबरीच्या संघांशी खेळायला मिळणं गरजेचं आहे ना?

या खेळात सहा टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला सहा वेळा पकडलं जाईपर्यंत, काहीतरी करून दाखवावं लागतं. पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो, मागचा तो उचलतो, की पुढची चाल सुरू. ही लय सरावात नुसती घोटून येत नाही, दमछाक झालेली असताना खऱ्या सामन्यातच अंगात मुरते. शंभर गुणांनी हरताना चेंडू हातात येतोच किती वेळ?

आजी-आजोबांच्या देशाकडून खेळण्याबद्दलचा आक्षेप मात्र मला थोडा मान्य आहे. निदान काही जागा त्या देशात खेळ शिकलेल्या पोरांसाठी राखून ठेवायला हव्यात.