नानांचे सरपण आणि उद्याची तळ्यांची चढण

आत्या (पुणे): ताईने पाठवलेल्या छायाचित्रात नाना कुऱ्हाड उगारून उभा आहे. परवा विमानातून उतरलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाकडून लाकडे फोडून घेण्याची घाई कोणाला झाली होती?

नाना: अक्का, काम मीच मागून घेतले. किडीने मेलेला परसातला अ‍ॅश वृक्ष जावयांनी पाडून ठेवला आहे. ओंडके वाळून टोकांना तडे गेले आहेत, त्या तड्यावर घाव बसला की लाकूड सरळ दुभंगते. गाठींचे ओंडके पाचर आणि घणाशिवाय फुटत नाहीत, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

दादा (नाशिक): अमेरिकेतले बोल्डर गावच आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे आणि उद्या ताई नानांना नेणार आहे ते एमरल्ड तळे तीन हजार मीटरच्याही वर आहे. पुण्याहून आलेल्या माणसाने तिसऱ्याच दिवशी तिथे चढू नये.

ताई (बोल्डर): आत्या, तुमची काळजी रास्त आहे. बेअर लेकपर्यंत गाडी जाते, पुढे निम्फ, ड्रीम आणि एमरल्ड ही तळी एकाच वाटेवर लागतात आणि एकूण चढ सुमारे दोनशे मीटरचा आहे. उन्हाळ्यात तिथे ठरावीक वेळेचा परवाना लागतो, तो मोठ्या प्रयत्नाने उद्याचा मिळाला आहे.

धाकटे काका (सांता फे): सरपणाचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या आठवड्यात नानांबरोबर थोडी लाकडे इकडे पाठवावीत.

ताई (बोल्डर): क्षमा करा काका, ते जमणार नाही. अ‍ॅश मारणारी ही कीड बोल्डरमध्ये २०१३ साली सापडली. तिच्या अळ्या सालीखाली राहतात आणि सरपणाबरोबर नव्या गावी पोहोचतात.

धाकटे काका (सांता फे): मागच्या दिवाळीत आमच्याकडची पिनॉन पाइनच्या लाकडांची मोळी गाडीत घालून नेताना ही दक्षता कोणाला आठवली नव्हती. असो, लाकडे तुमची आहेत.

काकू (सांगली): भावजी, हा हिशेब नानांसमोर नको.

दादा (नाशिक): मुद्दा मागे पडला म्हणून पुन्हा लिहितो. तिसऱ्याच दिवशी तीन हजार मीटरवर चढू नये. डोके दुखून मळमळू लागले, तर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो.

आत्या (पुणे): आणि तिथे दुपारी विजा पडतात म्हणे.

ताई (बोल्डर): म्हणूनच पहाटे निघून बाराच्या आत उतरणार होतो.

नाना: उद्या फक्त बेअर लेकच्या काठाने सपाट फेरी मारू. वरची तळी पुढच्या आठवड्यात पाहू, परवाना पुन्हा काढता येईल.

दादा (नाशिक): बेअर लेकसुद्धा सुमारे २,८८० मीटरवर आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.