वर्तुळ लंबगोल का दिसतं
ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये ‘सेट साइज ०.५, ०.५’ ही आज्ञा दिल्यावर चित्र लहान न होता भोवती पांढरी जागा का उरली, असं तुम्ही विचारलंय. त्या आज्ञेने कागद, म्हणजे चित्राची पूर्ण जागा, तेवढाच राहतो, आलेख आत आक्रसतो. कागदाचं माप टर्मिनलच्या, म्हणजे चित्र कोणत्या प्रकारात काढायचं (इथे पीएनजी) ते सांगणाऱ्या ओळीत द्यायचं: ‘सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइज ८००, ६००’, म्हणजे पिक्सेलमध्ये.

वर्तुळ लंबगोल दिसण्याचं दुखणं वेगळं. त्यावर ‘सेट साइज रेशो -१’ द्या, दोन्ही अक्षांवर एककाची लांबी सारखी होते. ‘सेट साइज स्क्वेअर’वर विसंबू नका! त्याने फक्त चौकट चौरस होते. अक्षांचे पल्ले वेगळे असतील तर वर्तुळ चपटंच राहतं. बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या शिकवणीतली मुलं छापील आलेखावर पट्टी ठेवून आडवी-उभी त्रिज्या मोजतात, तेव्हा हा फरक लगेच कळतो.