स्पिन ग्लासमधली रेप्लिका ट्रिक: एन शून्याकडे जातो म्हणजे शून्य कॉप्या??

गोंधळलेला_एमएस्सी

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला स्पिन ग्लास (ज्यात अणूंचे छोटे चुंबक, म्हणजे स्पिन, वाटेल त्या दिशेला गोठतात असा पदार्थ) घेतलाय, हौसेनेच, २०२१ ला पारिसीला नोबेल मिळालं तेव्हा मी बारावीत होतो आणि पेपरात वाचून वाटलं होतं काहीतरी भारी आहे हे. आता अंगाशी आलंय.

शेरिंग्टन-कर्कपॅट्रिक मॉडेलपर्यंत (प्रत्येक स्पिन प्रत्येकाशी जोडलेला) पोचलो. तिथे म्हणतात की लॉग झेडची (झेड म्हणजे पार्टिशन फंक्शन, सगळ्या अवस्थांची ऊर्जेप्रमाणे वजन देऊन केलेली बेरीज) सरासरी काढणं अवघड, म्हणून झेडचा एनवा घात घ्या, म्हणजे सिस्टिमच्या एन कॉप्या (रेप्लिका) करा, त्याची सरासरी काढा, त्यातून एक वजा करा, एनने भागा आणि मग एन शून्याकडे न्या. गणित ओळीओळीने जमतं पण डोक्यात शिरत नाही. आधी कॉप्या करायच्या आणि मग म्हणायचं कॉप्या शून्य आहेत?? आणि मुळात झेडचीच सरासरी काढून तिचा लॉग का नाही घ्यायचा, इतका द्राविडी प्राणायाम कशाला? गाईडना विचारलं तर म्हणाले "आत्ता मान्य कर, पुढे कळेल". कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का?

चहा_आणि_हॅमिल्टोनियन

दुसरा प्रश्न आधी घेऊ, तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

तांब्यात एखादा टक्का मँगनीज टाकला की मँगनीजचे अणू कुठेही जाऊन बसतात आणि बसले की बसले. दोन अणूंमधलं अंतर किती यावर त्यांचं जमतं की बिनसतं ते ठरतं (आरकेकेवाय म्हणतात ते, अंतराप्रमाणे चिन्ह बदलत राहतं). म्हणजे बाँड (दोन स्पिनमधलं नातं) कायमचे गोठलेले आणि स्पिन मात्र हलते. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, झटक्यात थंड, आत जे जसं असेल ते तसंच अडकून राहतं, ते क्वेन्च्ड. आता तू झेडची सरासरी आधी घेतलीस तर बाँडनाही स्पिनसारखं हलायला मोकळीक दिल्यासारखं होतं, ते आपल्याला सोयीचे होऊन बसतात. तो अनील्ड हिशोब, आणि तो वेगळ्याच पदार्थाचा हिशोब आहे. प्रयोगात मोजतो ती फ्री एनर्जी, म्हणजे लॉग झेड, म्हणून सरासरी लॉगचीच हवी.

हे पटत नसेल तर लग्नाच्या पंगती घे. पहिली पंगत म्हणजे स्पिन वर, दुसरी म्हणजे खाली. बोलचाल बंद असलेल्यांना वेगवेगळ्या पंगतीत बसवायचं. तिघा भाऊबंदांचं आपसात वाकडं असेल तर काहीही करा, दोघे एकाच पंगतीत येणारच. आठ पद्धतींपैकी सहा सारख्याच वाईट आणि दोन (तिघंही एकत्र) त्याहून वाईट. याला फ्रस्ट्रेशन म्हणतात, आणि अनील्ड हिशोबात काय होतं, तर भाऊबंदकी स्वतःच थोडी मिटून घेते! तशी ती कुठे मिटते का.

आता काम कर. तीन स्पिनचा त्रिकोण, प्रत्येक बाँड अधिक एक किंवा उणे एक, समान शक्यता, बीटा (एक भागिले तापमान) एक. पायथनमध्ये दहा ओळी होतील. लॉग झेडची खरी सरासरी काढ, अनील्डवाली काढ, आणि तो एनवाला फॉर्म्युला एन एक, ०.१, ०.०१ असा लहान करत लावून बघ. मग बोलू.

गोंधळलेला_एमएस्सी

केलं!! तिन्ही बाँडच्या गुणाकाराचं चिन्ह काय एवढंच मोजावं लागतं, अधिक असेल तर झेड ४२.३८, उणे असेल तर १६.४१. लॉगची खरी सरासरी ३.२७ आली आणि अनील्ड ३.३८. रेप्लिकावाला: एन एक ला २८.३९ (हे बघून घाबरलो), ०.१ ला ३.८९, ०.०१ ला ३.३३, ०.००१ ला ३.२८. म्हणजे खरंच त्या ३.२७ कडे चाललाय. पण मग ०.०१ कॉप्या म्हणजे काय हे अजूनही तसंच आहे, मी तर नुसता घात घेतला, कॉप्या कुठे केल्या?

पेन्शनर_मास्तर

बाळा, तू स्वतःच उत्तर दिलंस. कॉप्या फक्त एन पूर्णांक असतानाच लागतात, कारण मोठ्या सिस्टिमची सरासरी हाताने तेव्हाच काढता येते. मग २, ३, ४ साठी आलेलं सूत्र उचलून शून्याजवळ लावायचं. त्रिकोणात तुला घात थेट घेता आला म्हणून भानगड नव्हती. खऱ्या मॉडेलमध्ये पूर्णांकांवरून शून्याकडे उडी मारावी लागते, त्यात स्पिनची संख्या अनंताला आधी न्यायची की एन शून्याला आधी, हा क्रमही उलटा करून टाकतात. संशय घ्यायचा तो तिथे. कॉप्यांच्या जोडप्यांची संख्या एन गुणिले (एन वजा एक) भागिले दोन, एन एकपेक्षा लहान झाला की ती ऋण होते, त्यामुळे फ्री एनर्जीचं जिथे किमान शोधायचं तिथे कमाल शोधावं लागतं. आम्ही विद्यार्थी असताना हे बघून हसलो होतो.

आणि संशय खरा निघाला. शेरिंग्टन-कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली सगळ्या कॉप्या सारख्या मानून उत्तर काढलं, निबंधाच्या मथळ्यातच 'सुटणारं मॉडेल', आणि त्याच निबंधात शून्य तापमानाला एन्ट्रॉपी ऋण, दर स्पिनला साधारण उणे ०.१६! अवस्था मोजायच्या असतात, ऋण कशी येईल? तळाची ऊर्जा उणे ०.७९८ येत होती आणि सिम्युलेशन उणे ०.७६ च्या आसपास सांगत होतं. १९७८ मध्ये डी अल्मेडा आणि थाउलेस यांनी दाखवलं की चूक 'सगळ्या कॉप्या सारख्या' या गृहीतकात आहे.

पारिसीने १९७९ मध्ये वाटण्या केल्या. एन कॉप्यांचे गट पाड, गटातल्या गटात साम्य जास्त, गटाबाहेर कमी, मग प्रत्येक गटात पुन्हा गट, असं अनंत वेळा. एन शून्याला गेला की गटाचा आकार शून्य ते एकच्या मधे येतो, म्हणजे वेडेपणा कमी न होता वाढला. पण ऊर्जा उणे ०.७६३ आली आणि ऋण एन्ट्रॉपी गेली. याचा अर्थ काय हे त्यालाही १९८३ पर्यंत नीट मांडता आलं नव्हतं: एकच नमुना दोनदा थंड केला तर दोन गोठलेल्या अवस्था एकमेकींशी किती जुळतात, त्या जुळण्याचं वितरण म्हणजे कॉप्यांमधल्या साम्याची ही गटवार वाटणी.

त्या अवस्थांची चक्क वंशावळ निघते. कुठलेही तिघे घ्या, दोघे सख्खे आणि एक चुलत असेल तर तो चुलत दोघांपासून सारख्याच अंतरावर. म्हणजे प्रत्येक त्रिकोण समद्विभुज. अल्ट्रामेट्रिक म्हणतात ते हेच. गणितज्ञांना मात्र २०-२५ वर्षं लागली, गुएराने २००३ मध्ये अर्धी बाजू सिद्ध केली, तालाग्रांचा पुरा पुरावा २००६ ला छापून आला (२०२४ चं आबेल पारितोषिक त्यांनाच मिळालं), आणि त्यांनी रेप्लिका वापरल्याच नाहीत. उत्तर तेच.

थंड_लॅब

मास्तरांचं सगळं बरोबर पण हे प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख असलेल्या मॉडेलचं आहे हे पोराला सांगा कोणीतरी. तांबे-मँगनीजमध्ये शेजारी मोजकेच, आणि तिथे हीच वंशावळ आहे की फिशर-ह्यूस म्हणतात तसं ड्रॉपलेटवालं साधं चित्र, यावर लोक अजून भांडतायत.

आम्ही थिअरीवाले नाही, आम्ही हेलियम जाळतो (आणि त्याचं बिल बघून रडतो). पण मजा खरी लॅबमध्ये आहे. एक टक्का मँगनीजचा नमुना साधारण १० केल्विनला गोठतो. चुंबकीय फील्ड न देता थंड करून त्याचं चुंबकत्व मोजलं तर एक वक्र, फील्ड देऊन थंड केला तर वेगळा, वर दोन्ही एकच आणि गोठायच्या तापमानाखाली फाटे फुटतात. १९७२ मध्ये कॅनेला आणि मायडॉश यांना सोने-लोखंडात चुंबकीय प्रतिसादाचा तो टोकदार कळस दिसला तिथून हे सगळं सुरू झालं. एसी फील्डची फ्रिक्वेन्सी बदलली की कळस सरकतो. आणि गोठल्यावर दहा मिनिटं थांबून फील्ड लावलं तर एक प्रतिसाद, तासभर थांबून लावलं तर दुसराच, नमुन्याला ठाऊक असतं तुम्ही किती वेळ ताटकळत ठेवलंत ते. मी एकदा जेवून उशिरा आलो आणि अख्खी रन वाया गेली. लोहचुंबकाला असले नखरे नसतात.

प्रोजेक्टमध्ये हा एजिंगचा ग्राफ टाक, व्हायवाला परीक्षक रेप्लिकावर कमी विचारेल 😄

गोंधळलेला_एमएस्सी

सर्वांचे खूप आभार, मास्तर तुमचा वंशावळीचा मुद्दा वाचून आईला विचारून आमच्या घरची काढली, खरंच समद्विभुज आहे. गाईडना त्रिकोण दाखवला तर म्हणाले आता दहा स्पिनसाठी कर. चालेल ना तोच कोड?

चहा_आणि_हॅमिल्टोनियन

चार स्पिनला कर आधी. सहा बाँड, ६४ जुळण्या, प्रत्येकीत १६ अवस्था, सगळ्या पूर्ण मोजता येतात. दहाला ४५ बाँड होतात, दोनचा ४५वा घात, लॅपटॉप बसेल धापा टाकत. तिथे बाँड रँडम उचलून सरासरी घ्यावी लागेल, आणि घातातला एन मोठा असेल तर एखादी विरळ जुळणीच सगळी सरासरी खाऊन टाकते, तेवढं बघ.