मदत हवी आहे: सिंगापूरमध्ये एकच दिवस, सोबत साबा-साबु आणि ते ऊन

मंडळी, थोडी मदत हवी आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, नवरा, साबा म्हणजे सासूबाई, साबु म्हणजे सासरेबुवा) मेलबर्नला नणंदेकडे जातोय. वाटेत सिंगापूरला मुद्दाम थांबतोय. शुक्रवारी रात्री पोचणार, शनिवार अख्खा मोकळा, रविवारी सकाळी पुढचं विमान. व्हिसा आलाय, हॉटेल लिटल इंडियात घेतलंय.

साबा ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणं नको. चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. साबु ७६, मधुमेह आहे, पण उत्साह दांडगा. आयुष्य अकोल्यात गेलंय, त्यामुळे मी तापमान वाचून दाखवलं तर म्हणाले, "बत्तीस डिग्री? हे तं आमची थंडी झाली!" त्यांना नेताजींची आझाद हिंद सेना जिथे उभी राहिली ती जागा बघायचीय. साबांना देवळं. नवऱ्याला ते रात्रीचे दिव्यांचे झाड. मला कुणी आजारी न पडता रविवारी विमानात बसायचंय.

माझे प्रश्न:
उघड्या टपाची टूरिस्ट बस घ्यावी का, म्हणजे चालणं वाचेल?
सगळीकडे टॅक्सी की एमआरटी (तिथली मेट्रो)?
सेंटोसा बेट एका दिवसात बसेल का?
साबा जेवतील काय?

---

बुकित तिमाहकर

इथे बरीच वर्षं राहतोय, दर उन्हाळी सुट्टीत कुणाचे ना कुणाचे आईवडील फिरवतो, त्यामुळे हक्काने लिहितो.

आधी तुमच्या सासऱ्यांचा गैरसमज दूर करा. अकोल्याचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. इथे विषुववृत्त जेमतेम १३७ किमीवर आणि हवा दमट, घाम वाळतच नाही. शरीर गार व्हायचा मुख्य मार्गच बंद पडतो. म्हणून ३२ अंशांतही म्हातारी माणसं तासाभरात गळून जातात, आणि 'फार तापलं नव्हतं' म्हणून पाणीही कमी प्यायलेली असतात. रात्रीही पारा २३-२४च्या खाली क्वचित जातो, तेव्हा 'संध्याकाळी गार होईल' ही आशा धरू नका. फक्त सूर्य डोक्यावरून जाईल, एवढंच.

त्यामुळे दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसात ते साडेअकरा, मग संध्याकाळी पाच ते नऊ. मधला वेळ छताखाली आणि एसीत. उघड्या टपाची बस दुपारी म्हणजे पैसे देऊन भाजून घेणं. सेंटोसा विसरा, तो स्वतंत्र दिवसाचा ऐवज आहे.

आता तुमचं नशीब बघा. लिटल इंडियाचं स्टेशन डाउनटाउन लाइनवर आहे, म्हणजे नकाशातली निळी. लिटल इंडिया, रोचोर, बुगिस, प्रॉमनाड, बेफ्रंट, डाउनटाउन, तेलोक आयर, चायनाटाउन. तुमचा जवळजवळ सगळा दिवस या एका ओळीत बसतो. सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, जिना चढायची गरज नाही. टॅक्सी फक्त रात्री परत येताना करा, तेव्हा पाय बोलायला लागलेले असतात.

सकाळी इडली खाऊन निघा आणि थेट तेलोक आयरला उतरा. शनिवार असल्याने ऑफिसवाले नाहीत, तो भाग अगदी निवांत मिळेल. तेलोक आयर स्ट्रीट आज उंच इमारतींच्या मधोमध आहे, पण पूर्वी हा समुद्रकिनारा होता, पुढचं सगळं भराव घालून केलंय. म्हणूनच बोटीतून उतरलेल्या माणसांनी पहिल्यांदा देवाचे आभार मानले ते इथे. थियान हॉक केंग हे माझू या समुद्रदेवीचं देऊळ, फुजियानहून आलेल्या हॉक्कियन लोकांनी १८३९ ते १८४२ दरम्यान बांधलं, लाकडी सांगाड्याला खिळे न मारता. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर नागूर दर्गा, दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी बांधलेला, आणि पुढे अल-अबरार मशीद. तीन ठिकाणं, एक रस्ता, चालणं दहा मिनिटांचं.

तिथून साउथ ब्रिज रोडवरचं श्री मारिअम्मन मंदिर. सिंगापूरमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, १८२७चं. मारिअम्मन ही रोगराईपासून राखणारी देवी. शेजारी जामे मशीद, त्याच रस्त्याला पुढे बुद्धाच्या दाताचं मंदिर (हे मात्र नवं, २००७चं). एक सूचना: हिंदू देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळपर्यंत. म्हणून हे सकाळीच. आणि अंगणातली फरशी अकराला तापायला लागते, अनवाणी पायांना चटका बसतो.

---

धागाकर्ती

किती नेमकं लिहिलंय, खूप आभार! निळ्या लाइनचं तर लक्षातच आलं नव्हतं. तिकिटाचं काय करायचं? आणि त्या तेलोक आयरपासून मंदिरापर्यंत सावली असते का?

---

बुकित तिमाहकर

बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड (व्हिसा किंवा मास्टरकार्ड) गेटवर टेकवा, झालं. एका कार्डावर एकच माणूस, तुम्ही पुढे जाऊन मागे कार्ड देता येत नाही. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना स्टेशनवर प्रवासाचं ईझी-लिंक कार्ड घेऊन द्या.

सावली आहे. जुन्या दुकानघरांच्या पुढे छताखालून जाणारा पदपथ असतो, त्याला 'फाइव्ह फूट वे' म्हणतात. इथे ब्रिटिश वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ साली शहराची आखणी करताना प्रत्येक घराने पुढे असा झाकलेला व्हरांडा सोडायचा, असा नियमच घातला. ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी. त्या माणसाच्या बाकी कर्तबगारीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण या नियमासाठी मी रोज दुपारी त्याचे आभार मानतो.

---

मुलुंडची मावशी

आम्ही गेलो होतो तेव्हा लिटल इंडियात मला तरी काही राम वाटला नाही. भारतातून विमानाने जायचं आणि सांबार-रांगोळ्या बघायच्या? त्यापेक्षा तो वेळ मॉलमध्ये काढा, थंड असतं.

---

चहाबाज

@मावशी, असहमत, पण प्रेमाने. :) तिथलं भारतपण तामिळ आहे आणि दोनशे वर्षांचं आहे, ते आपल्या घरचं नव्हे. शिवाय ज्यांच्या घरी चातुर्मास चालू आहे त्यांना मॉलमधल्या फूडकोर्टात काय मिळणार? सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासून. शुद्ध शाकाहारी. डोसा, थाळी, सगळं.

तरीही सांबार-रसमात कांदा असू शकतो, विचारून घ्या. आणि हे फारसं कुणी सांगत नाही: चिनी बौद्ध शाकाहारी जेवणात कांदा-लसूण मुळातच वर्ज्य असतो. हॉकर सेंटरमध्ये (स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सचं आवार) 'व्हेजिटेरियन' पाटीचा चिनी स्टॉल दिसला, तर साबांसाठी तो आपल्या उडपीपेक्षा जास्त सोयीचा. 'मॉक मटन', 'मॉक डक' अशी नावं आणि हुबेहूब रूपं बघून त्या दचकतील, ते सोयाबीन आणि गव्हाचं असतं हे आधी सांगून ठेवा. नेहमीच्या स्टॉलवर मात्र 'व्हेज' नूडल्सवर विसंबू नका, सुक्या कोळंबीची चटणी कुठेही असते. लाक्सा या नूडल्सच्या रश्शात तर असतेच. काया टोस्टच्या जॅममध्ये अंडं असतं.

साबुंसाठी चहा: नुसतं 'तेह' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. 'तेह-सी कोसोंग' म्हणा, साध्या आटवलेल्या दुधाचा, बिनसाखरेचा. बिनदुधाचा हवा तर 'तेह-ओ कोसोंग'. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या भरून घ्या, विकत घेऊ नका.

टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा अडवलेली आहे, उचलून बाजूला ठेवू नका. आपल्या एसटीतल्या रुमालाची ही सख्खी बहीण. जेवून झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, आता कायद्यानेच.

---

इतिहासवेडा

साबुंसाठी खास लिहितोय.

५ जुलै १९४३ला नेताजींनी पदांग या मैदानासमोर, त्या वेळच्या म्युनिसिपल बिल्डिंगपुढे सैनिकांची पाहणी केली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. २१ ऑक्टोबर १९४३ला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली ती कॅथे इमारतीत. तिचा आता फक्त दर्शनी भाग राखलाय, त्यासाठी वेगळी फेरी करावी असं मला वाटत नाही.

पदांगाच्या पलीकडे एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या अनाम सैनिकांचं स्मारक होतं. ८ जुलै १९४५ला नेताजींनी त्याची कोनशिला बसवली आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परत आल्यावर त्यांनी ते पाडून टाकलं. आज तिथे १९९५ साली उभारलेला स्मृतिफलक आहे. लहानसा आहे, आधी सांगून ठेवा, नाहीतर भव्य स्मारक डोक्यात धरून येतील.

ती म्युनिसिपल बिल्डिंग म्हणजेच नंतरचा सिटी हॉल, आणि २०१५ पासून नॅशनल गॅलरी. १२ सप्टेंबर १९४५ला जपान्यांनी माउंटबॅटनपुढे शरणागतीवर सह्या केल्या त्या याच इमारतीत. सगळी एसी, बसायला जागा भरपूर. तुमची दुपार इथे काढा, पाचनंतर पदांगाच्या कडेने स्मृतिफलकापाशी जा. साबुंना इतिहास आणि तुम्हाला गारवा, दोन्ही मिळेल.

---

मुलुंडची मावशी

दुपारी एकाहत्तर वर्षांच्या बाईला संग्रहालयात उभं करू नका हो. हॉटेल जवळ आहे ना? जेवून दोन तास झोपू दे तिला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसीपेक्षा आडवं होणं महत्त्वाचं.

आणि साबु तंबाखू-बिंबाखू खात असतील तर पुडी घरीच ठेवायला सांगा. तिथे खायचा तंबाखू न्यायला बंदी आहे. बॅग उघडली तर नसती कटकट.

---

धागाकर्ती

मावशी, तुम्हाला कसं कळलं! साबु खातात. :( आत्ताच जाहीर केलंय, चेहरा पडलाय. सुपारी-लवंगेवर तडजोड चालू आहे.

झोपेचं एकदम पटलं. मग असं ठरवतेय: सकाळी तेलोक आयर आणि मारिअम्मन, बाराला निळ्या लाइनने परत लिटल इंडिया, जेवण. साबा आणि नवरा हॉटेलवर झोपतील (नवऱ्याला तर आनंदच). मी आणि साबु बुगिसला उतरून हिरव्या लाइनने सिटी हॉल, तिथून गॅलरी. पाचनंतर स्मृतिफलक. ते दोघं परस्पर दिव्यांच्या झाडांजवळच्या बेफ्रंटला येतील, आम्ही तिथे भेटू. अरब स्ट्रीटची सुलतान मशीद राहतेय, त्याचं वाईट वाटतं.

झाडांचा शो नेमका कधी असतो? जेवायला आधी जावं की नंतर?

---

बुकित तिमाहकर

झकास. मशीद राहू दे. तिच्या घुमटाखालच्या काळ्या पट्ट्यात काचेच्या बाटल्यांचे बूड बसवलेत, गरिबांनाही बांधकामात हातभार लावता यावा म्हणून गोळा केलेल्या बाटल्यांचे. मला ती फार आवडते. पण पर्यटकांना आत ठराविक वेळीच सोडतात आणि तुमच्या दुपारी ते जुळवत बसलात तर घड्याळच बघत राहाल.

गार्डन्स बाय द बेमध्ये सुपरट्रींचा प्रकाश-संगीताचा खेळ रोज ७.४५ आणि ८.४५ला असतो, फुकट. ७.४५चा बघा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधार पुरेसा होतो. साडेसातला पोचलात तर बसायला जागा मिळते. गवतावर बसता येत नसेल तर कठड्यावर. पैसे खर्चायचे असतील तर आधी क्लाउड फॉरेस्टच्या काचघरात जा, आत गारवा आणि ३५ मीटरचा धबधबा. जेवण सहाला उरकून घ्या, नंतर सगळेच भुकेले एकदम निघतात.

एक गंमत म्हणून: ऑगस्ट-सप्टेंबरात चिनी पंचांगाचा सातवा महिना येतो, तेव्हा पितर आणि भुतं घरी येतात असं मानतात. फुटपाथच्या कडेला फळं, भात, उदबत्त्या मांडलेल्या दिसतील, डब्यांत कागदी नोटा जाळतात. साबांना सांगा, त्यावर पाय पडू द्यायचा नाही. रस्त्याकडेला गाण्याचा मंडप लागला असेल तर पहिली रांग रिकामी असते. तिथे बसू नका, ती येणाऱ्यांची आहे.

---

धागाकर्ती

साबांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे त्यांचाही पितृपक्षच की, फक्त जरा आधी." आता त्यांना देवळांपेक्षा हेच बघायचंय.

शेवटचा प्रश्न: पाऊस? छत्र्या की रेनकोट?

---

बुकित तिमाहकर

छत्र्या. रेनकोटात उकडून जाल, आणि छत्री उन्हातही लागते, इथे सगळे वापरतात. त्या दिवसांत कधी कधी पहाटे सुमात्राकडून जोरदार वाऱ्यापावसाची लाट येते, तासा-दोन तासांत जाते. तसं झालं तर तासभर उशिरा निघा, पण देवळाची बाराची वेळ लक्षात ठेवा, मग नागूर दर्गा बाहेरूनच बघा.

दुपारी गडगडाट ऐकू आला तर मात्र छत्री घेऊनही पदांगाच्या मोकळ्यावरून जाऊ नका, इथे विजा फार पडतात. सिटी हॉल स्टेशनपासून सिटीलिंक मॉलमधून जमिनीखालून एस्प्लनेडच्या बाजूला निघता येतं, तिथेच थांबा. पाऊस उघडला की स्मृतिफलक जवळ आहे. नंतर एस्प्लनेड स्टेशनवरून प्रॉमनाड, तिथे निळी लाइन, पुढचंच बेफ्रंट.