मदत हवी आहे : कॅराव्हॅनच्या मागे चार सायकली लावून पचमढीचा घाट चढावा का?

धंतोलीकर
नमस्कार. आम्ही येत्या शुक्रवारी पहाटे नागपूरहून सहकुटुंब पचमढीला कॅराव्हॅनने, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, निघत आहोत आणि चार सायकली बरोबर नेणार आहोत. गाडी भाड्याची आहे. मागच्या दाराला सायकलींचे कॅरिअर बसवून घ्यायचे मी ठरवले होते, परंतु काल गाडीच्या मालकांनी घाटाच्या रस्त्याला कॅरिअर लावू देणार नाही असे कळवले, आणि कारण विचारल्यावर ‘जमणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. हा खरोखरच धोका आहे की केवळ गाडीला ओरखडे पडू नयेत म्हणून दिलेला नकार आहे, हे ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे. हातात तीनच दिवस आहेत.

अंबाझरीचा सायकलस्वार
गाडी कोणत्या सांगाड्यावर बांधलेली आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर किती आहे, मागच्या चाकांच्या मागे गाडी किती बाहेर येते, चालवणार कोण आणि सायकली कोणाच्या आहेत, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर अंदाजपंचे होईल.

धंतोलीकर
गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. मी स्वतः चालवणार आहे. रस्ता नेहमीचाच, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली. कॅरिअर लावावे की नाही, एवढेच मला हवे आहे.

गाविलगडप्रेमी
दादा, माझे ऐका आणि चिखलदऱ्याला जा. अमरावती आणि परतवाड्यावरून गेलात की एकच घाट लागतो आणि राज्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. वर कॉफीचे मळे आहेत, गाविलगड आहे, आणि पठारावर मुलांना सायकल चालवण्यासारखे रस्तेही आहेत. आम्ही दर हिवाळ्यात जातो. पचमढीचा आग्रह लोक का धरतात हे मला आजवर उमगलेले नाही.

धंतोलीकर
काका, पचमढीची राहण्याची व्यवस्था ठरलेली आहे आणि पैसेही भरलेले आहेत. कृपया कॅरिअरविषयी सांगावे.

वर्धा रोडवरचा
कॅरिअर बाजूला राहू द्या. तुमच्याकडे व्यावसायिक वाहनाचा वेगळा परवाना आहे का? पाटी पिवळी असेल तर साध्या परवान्यावर ती चालवता येत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

न्यायमंदिर चौक
हे आता खरे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला आहे की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. तुमच्या गाडीचे एकूण वजन नोंदणीपुस्तकात पाहून घ्या. पाटी पिवळी असेल तर मध्य प्रदेशात चालेल असा पर्यटक परवाना गाडीच्या कागदपत्रांत आहे ना, हे मात्र मालकांना आजच विचारा.

वर्धा रोडवरचा
निर्णय झाला असेल, पण नाक्यावर रात्री कोणाशी वाद घालत बसणार? मी तरी सोबत चालक घेतला असता.

निवृत्त बसचालक
मी अनेक वर्षे सातपुड्यातल्या घाटांमधून बस चालवली आहे, म्हणून चार शब्द लिहितो. या रस्त्यावर चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो, आणि तो उतार केवळ परतीच्या वाटेवर नाही. सौंसर सोडल्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो. पुढे तामिया उंचावर आहे, तिथून मटकुलीपाशी देनवा नदीच्या खोऱ्यात उतरावे लागते आणि तिथून पुन्हा पचमढीचा चढ सुरू होतो. जाताना भरलेली गाडी तुम्ही पहिल्यांदा तामियाच्या खाली उतरवाल, तेव्हा पायाखालच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. जो उतार चढायला दुसरा गिअर लागला असता, तो दुसऱ्यातच उतरावा आणि गिअर उताराच्या आधी टाकावा, मध्ये नव्हे. सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात, मग ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल पोकळ लागते. डॉट ३ प्रकारचे ब्रेक ऑइल नवे असताना सुमारे २०५ अंशांना उकळते, परंतु जुने तेल हवेतले पाणी शोषून घेते आणि बरेच आधी उकळते. ते शेवटचे कधी बदलले, हे मालकांना विचारा. मला तो प्रश्न कॅरिअरपेक्षा मोठा वाटतो.

धंतोलीकर
मनापासून आभार, काका. तेल कधी बदलले ते त्यांना सांगता आले नाही, म्हणून उद्या मी स्वतः गॅरेजमध्ये नेऊन बदलून घेतो. कॅरिअरचे काय?

गणित आवडणारी
तुमच्याकडून मापे आलेली नाहीत, म्हणून मी धरून चालते. दोन चाकांतले अंतर ४ मीटर, आणि कॅरिअर मागच्या चाकांपासून अडीच मीटर मागे. चार सायकली आणि कॅरिअर मिळून ८० किलो धरले, तर ते तरफेसारखे काम करते. पुढच्या चाकांवरचा भार ५० किलोने कमी होतो आणि मागच्या चाकांवर ८० ऐवजी १३० किलो वाढतात. एवढ्याने स्टिअरिंग हातातून सुटणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. खरा प्रश्न दाराच्या बिजागरांचा आहे, कारण ती दारापुरती केलेली असतात आणि खड्ड्यातून जाताना त्यांच्यावरचा ताण स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. दुसरे म्हणजे, तीव्र वळणावर गाडीचे शेपूट बाहेरच्या बाजूला फिरते. कॅरिअरने ते आणखी लांबते, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट भाग असतो. पाण्याची टाकी कुठे आहे?

धंतोलीकर
टाकी १०० लिटरची आहे आणि मागेच आहे, हे लिहायचे राहिले. चाकांतले अंतर मोजले, ते जवळजवळ तुम्ही धरले तेवढेच निघाले.

गणित आवडणारी
मग ती चाकांच्या दीड मीटर मागे असेल तर भरलेल्या टाकीने आणखी ३७-३८ किलो पुढून कमी होतात. टाकी रिकामी ठेवून निघा, पिण्याचे पाणी पुढच्या आसनाजवळ ठेवा आणि टाकी पचमढीला पोहोचल्यावर भरा. मालकांनी कारण सांगितले नसले तरी त्यांचा नकार बरोबर आहे, असे माझे मत झाले आहे.

अंबाझरीचा सायकलस्वार
मला हे थोडे अति वाटते. आम्ही जीपच्या मागे तीन सायकली लावून तोच घाट चढलो आहोत.

गणित आवडणारी
जीपचे शेपूट आखूड असते आणि तिच्या मागच्या दारावर कारखान्यातूनच सुटे चाक टांगलेले असते. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

सेमिनरी हिल्सची सायकलवाली
मुलांची वये अजूनही कळलेली नाहीत.

धंतोलीकर
मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मटकुलीपासून आम्ही चौघांनी सायकलने चढायचे आणि माझ्या आईला घेऊन गाडी मागून आणायची, असा विचार होता.

सेमिनरी हिल्सची सायकलवाली
दादा, तुम्ही चौघे सायकलवर असाल तर गाडी कोण आणणार?

धंतोलीकर
खरे आहे. हा विचार आम्ही पूर्ण केलाच नव्हता.

सेमिनरी हिल्सची सायकलवाली
तर मग मनापासून सांगते. मटकुलीपासूनचा तो २५-३० किलोमीटरचा चढ नऊ वर्षांच्या, बिनगिअरच्या सायकलवरच्या मुलासाठी नाही, आणि नाताळच्या सुट्टीत त्या वळणांवर गाड्यांची रीघ असते. पचमढी मात्र सुमारे १,०६७ मीटर उंचीवर पठारावर वसलेली आहे, आणि छावणीच्या भागातले झाडीतले रस्ते मुलांसाठी फार सुरेख आहेत. सकाळी लवकर तिथे चालवा. धूपगडला, म्हणजे सातपुड्याच्या १,३५२ मीटरच्या सर्वोच्च ठिकाणी, वन विभागाच्या परवानगीने जिप्सीतूनच जा. जाण्यापूर्वी बुधवारी आणि गुरुवारी मुलांना इथल्याच सेमिनरी हिल्सच्या उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र आणि वळणाच्या आधी दाबायला शिकवा. सायकलींची पुढची चाके काढली, हँडल आडवे फिरवले आणि साखळीवर जुनी चादर गुंडाळली, की चारही गाडीच्या आत मधल्या जागेत मावतात. त्या पट्ट्याने घट्ट बांधा, नाहीतर ब्रेक लावताच पुढे येतील.

गाविलगडप्रेमी
रात्री थंडी कडक असते. गाडीत शेगडी लावून झोपू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि झोपलेल्याला काहीच कळत नाही. आई सोबत आहेत म्हणून लिहितो. घोंगड्या जास्तीच्या घ्या.

धंतोलीकर
काका, हे मी विचारले नव्हते, पण लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण आईसाठी छोटी शेगडी घ्यायचे ठरले होते. ती आता घेत नाही. कॅरिअरची ऑर्डर रद्द केली आहे. आज सायकली आत ठेवून पाहिल्या. तीन नीट बसल्या आणि चौथी, म्हणजे माझी, आईच्या पलंगासमोर येत होती, म्हणून ती घरी ठेवतो. पचमढीत भाड्याने सायकल मिळाली तर मी घेईन, नाही मिळाली तर मुलांच्या मागे चालेन. मधल्या जागेतल्या तीन सायकली बांधायला किती पट्टे लागतील, एवढे शेवटचे सांगावे.

सेमिनरी हिल्सची सायकलवाली
प्रत्येकीला दोन, एक पुढे आणि एक मागे, असे सहा. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे घ्या, दोरी घाटातल्या हादऱ्यांनी सैल पडते. छिंदवाड्याला थांबलात की एकदा आवळून घ्या.